फणसाखालची खुर्ची

पहिल्याच ऑनलाइन मुलाखतीत समोरच्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही रडताय का? हवं तर थोडं थांबू या."

मी रडत नव्हते. तेव्हा मी रडणाऱ्यातली नव्हतेच. लॅपटॉपकडे टक लावून बसल्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढंच. पण हे सांगायला गेले तर आवाजही नेमका घोगरा फुटला आणि बाईंची खात्रीच पटली. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी मला आजाऱ्याशी बोलावं तसे हळू आवाजात विचारले आणि शेवटी "काळजी घ्या" म्हणाल्या. नोकरी देणाऱ्याने काळजी घ्यायला सांगितली की समजायचं, आपल्याला नोकरी मिळत नाही.

मला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून आमचं घर मोडणार होतं. मी रत्नागिरीत एका खाजगी कचेरीत विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचे. कंपनीने इथली कचेरी बंद केली आणि आम्हाला पुण्याला या म्हणून कळवलं. एरवी गेलेही असते. पण घरी हे होते. नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हा इथेही 'हे' म्हणूनच चालवते. हे मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून घरी होते. एक दिवसाआड डायलिसिस. शेजारचे रिक्षावाले सकाळी घेऊन जायचे आणि दुपारी आणून सोडायचे. आले की दारापासून पलंगापर्यंत कुणाचा तरी खांदा लागायचा. आम्हाला मूलबाळ नाही. तो खांदा माझाच होता.

घरी बसून करता येईल असं काम मिळालं तर मी यांच्याजवळ राहणार होते. नाही मिळालं तर मी पुण्याला आणि हे मुंबईला मोठ्या दिरांच्या खोलीत, असं घरात ठरत आलं होतं. दीर मनाने चांगले, पण खोलीत आधीच पाच माणसं. हे कधी कशाला नाही म्हणायचे नाहीत. या बाबतीत मात्र एकदा जेवता जेवता म्हणाले, "मला तय नेऊन टाकू नको गो. फणसाचा पाला पडलेला दिसला नाय तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाय." मी ताटाकडे बघत राहिले. त्यानंतर मी जितक्या जागा दिसतील तितक्या ठिकाणी अर्ज केले.

मुलाखती येऊ लागल्या आणि डोळे दगा देऊ लागले. अर्धा तास झाला की चुरचुर सुरू व्हायची, मग लाली, मग धारा. कपाळ ठणकायचं. एकदा समोरची अक्षरं इतकी पुसट झाली की मी प्रश्न नीट न वाचता भलतंच उत्तर देऊन मोकळी झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं की डोळ्यांत काही खोट नाही. पडद्याकडे बघताना माणूस पापण्या मिटायला विसरतो, आणि मुलाखतीत भीतीने आणखीच विसरतो. डोळे कोरडे पडतात आणि मग पाणी सोडतात. त्यांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले. लॅपटॉप हातभर लांब आणि नजरेच्या जरा खाली ठेवा म्हणाले. खिडकी पाठीशी नको, उजेड बाजूने येऊ दे, पडदा खोलीपेक्षा भगभगीत नको, अक्षरं मोठी करा. आणि थोड्या थोड्या वेळाने नजर उचलून लांबचं काहीतरी बघा. खोलीतलं नव्हे, चांगलं लांबचं.

घरी येऊन मी हे सगळं यांना सांगितलं, आणि तिथेच फसले. आजारी पडल्यापासून यांच्या हाताला काम नव्हतं. फिटरच्या हाताला काम नसलं की तो घरातली धड वस्तूही खोलून बघतो. आमचा मिक्सर तसाच गेला. आता माझे डोळे हेच त्यांचं काम झालं. लॅपटॉपखाली आधी पाट ठेवला, तो उंच झाला, म्हणून रद्दीचा गठ्ठा बांधला, तो हलतो म्हणून त्याला चारी बाजूंनी सुतळीचे वेढे दिले. माझा हात सरळ करायला लावून टेबल मागेपुढे सरकवलं. आमच्या माजघरात कौलांमध्ये एक काचेचं कौल आहे. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर घरात हिंडतो आणि दोन मुलाखतींत तो बरोबर पडद्यावर येऊन बसला होता. यांनी एक अख्खा दिवस खडू घेऊन त्या कवडशाच्या मागे घालवला. जमिनीवर खुणा केल्या आणि टेबल अशा कोनात लावलं की दुपारपर्यंत तिकडे ऊन फिरकणार नाही. टेबलाचं तोंड आता पुढच्या दाराकडे झालं. माझ्या स्वयंपाकघराची वाट त्यात बंद झाली, पण त्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात आपलंच तोंड दिसतं ते झाकायचं, हे मात्र माझं डोकं. आपलाच चेहरा समोर असला की माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, कपाळावरचे केसच सारखे करत बसतो. मी तिथे कागदाचा तुकडा चिकटवला. हे म्हणाले, "इतकी वर्षं मी बघतोय तो चेहरा. तू एक दिवस नाय बघितलास तर काय बिघडत नाय."

संध्याकाळी जेवणं झाली की काशाची वाटी निघायची. डोळ्यांची आग झाली की तळपायाला तूप नाहीतर खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते आईने लेकराला करायचं, सुनेने सासूला करायचं. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा हे मला कसंसंच वाटलं. मी पाय पोटाशी ओढून घेतले आणि म्हटलं, वाटी सासूबाईंची आहे, त्या वरून बघत असतील. हे म्हणाले, "आईनं बघितलान तर एवढंच म्हणेल, वाटी नीट धर." आणि माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायच्या, तो हात जपायचा असायचा. उजव्या हातानेच सावकाश वाटी फिरवायचे. थोड्या वेळाने तळपाय काळे व्हायचे. मग ते काळं बोट माझ्यासमोर नाचवायचे, बघ किती उष्णता निघाली म्हणून. मी म्हणायचे, ती उष्णता नव्हे, काशाचा रंग आहे, धातूत जन्म घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये. ते म्हणायचे, धातूतलं कळतं तेवढं सगळं कारखान्यात ठेवून आलो. डोळ्यांची आग त्याने खरंच कमी व्हायची का, मला सांगता येणार नाही. पण वाटी फिरत असताना मी डोळे मिटून पडायचे. दिवसभर बाकी कुणी मला डोळे मिटायला सांगत नव्हतं.

राहिलं ते लांबचं बघणं. टेबलावरून पुढच्या दारातून ओटी दिसायची, ओटीपलीकडे खळं, म्हणजे आमचं अंगण, आणि खळ्याच्या टोकाला दगडी गडग्याला टेकलेला फणस. मी फणसाकडे बघायचं ठरवलं. पण फणस काल जिथे होता तिथेच आज. त्याच्याकडे बघायची आठवण कोण करणार? मुलाखत सुरू झाली की मी पुन्हा पडद्याला चिकटलेली. मग एके दिवशी हे प्लॅस्टिकची खुर्ची उचलून फणसाखाली जाऊन बसले. म्हणाले, "मी हय बसतो. डोळे दमले की माझ्याकडं बघायचं."

तिथे बसून त्यांनी खुणा ठरवल्या. मी बराच वेळ मान वर केली नाही की ते खांद्यावरचा टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचे. नजरेच्या कडेला काहीतरी हललं की माझे डोळे आपोआप उचलले जायचे. झाडाला ते जमत नव्हतं. आणि मी पापण्या मिटायला विसरलेय असं वाटलं की हात वर करून मूठ उघडमीट करायचे. एवढ्या लांबून माझ्या पापण्या त्यांना कशा दिसत होत्या, देव जाणे. मी विचारलं तर म्हणाले, दिसत नाहीत, पण तू मान अशी ताठ केलीस की समजतं.

लांब बघितलं की डोळ्यांचे स्नायू सैल पडतात, असं डॉक्टर म्हणाले होते. माझं सगळंच सैल पडायचं. समोर कुणी परका माणूस मला माझ्याच कामाबद्दल अवघड प्रश्न विचारत असायचा, आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे, ऊन-सावलीत, एवढासा दिसणारा माझा माणूस टॉवेल इकडचा तिकडे करत बसलेला असायचा. मी त्याला बघून पुन्हा पडद्याकडे यायचे आणि उत्तर द्यायचे. डोळ्यांचं पाणी थांबलं. कपाळ ठणकेनासं झालं. आम्ही दोघं आमच्या हुशारीवर खूश होतो.

मग ती मुलाखत आली. पूर्ण घरून करायचं काम, मी आधी करत होते तेच, आणि पहिली फेरी मी पार केलेली. दुसऱ्या फेरीला समोर तिघं जण होते. सुरुवात इतकी चांगली झाली की मला वाटलं, जमलं. एक किचकट दावा त्यांनी दिला, मी तो सरळ सोडवून दाखवला. त्यातले एक जण हसून मान डोलावत होते. मग मधल्या मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यासोबत खोलीत कोणी आहे का?"

मी म्हटलं, खोलीत कुणी नाही. ते खरंच होतं. त्या म्हणाल्या की तुमची नजर सारखी पडद्याच्या वर जाते, उत्तर देण्याआधी तर नक्की जाते. कुणी उत्तरं सुचवत असेल तर मुलाखत थांबवावी लागेल. जरा लॅपटॉप फिरवून दाखवा.

मी लॅपटॉप उचलला आणि दाराकडे फिरवला. खळं दिसलं, आणि टोकाला हे. नेमके त्याच क्षणी ते हात वर करून मूठ उघडमीट करत होते, कारण मी घाबरून मान ताठ केली होती. याहून वाईट वेळ सटवीलाही साधता आली नसती.

यांना काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. बायको साहेबांना आपली ओळख करून देतेय, असं त्यांना वाटलं. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, अंगात त्राण नव्हतं. तरी ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला. सदरा खाली ओढला. आणि दोन्ही हात जोडून तसेच उभे राहिले.

मी कडेने वाकून पडद्यावर बघितलं, तिघंही नुसते बघत बसले होते. मी लॅपटॉप आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, कारण हे अजून हात जोडून उभे होते आणि मला मध्येच तो फिरवून घ्यायची लाज वाटली. मग तिघांतल्या एकाने कॅमेरा बंद केला. मी लॅपटॉप वळवून सांगायला लागले, की हे माझे यजमान, आजारी असतात, डोळ्यांसाठी लांब बघायचं असतं म्हणून ते तिथे बसतात. जितकं सांगत गेले तितकं ते रचल्यासारखं वाटत गेलं. डोळ्यांना आराम म्हणून नवरा फणसाखाली बसवलाय, हे मराठीतसुद्धा पटण्यासारखं नाही, मी तर निम्मं इंग्रजीतून सांगत होते. मॅडम म्हणाल्या, कळवू. कळवलंही. मुलाखतीचे नियम पाळले न गेल्याने विचार करता येत नाही.

त्या दिवशी लॅपटॉप मिटून मी ओटीवर आले तर हे पायरीपर्यंत येऊन थांबले होते. नोकरीचं काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं, "त्यांनी उलट नमस्कार केलानी काय गो? मला लांबून दिसला नाय."

"केला की," मी म्हटलं. "तिघांनीही केला."

ते समाधानाने आत गेले. खोटं बोलल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. राग मात्र आजही येतो. नोकरी नव्हती द्यायची, नका देऊ. मी खोटी वाटले, वाटू दे. पण एक आजारी माणूस खुर्चीतून उठून हात जोडतो, त्याला हात जोडायला काय लागतं? त्याने नियम कुठला मोडत होता?

नोकरी गेल्याचं माझ्या तोंडावरून त्यांना दोन दिवसांत कळलंच. पुढच्या मुलाखतीला मी टेबलाशी बसले आणि नजर उचलली तर फणसाखाली खुर्ची नाही. जमिनीत तिच्या पायांचे खड्डे तेवढे होते. मुलाखत संपल्यावर शोधलं तर हे घराच्या मागे, रिकाम्या गोठ्याशी, भिंतीकडे तोंड करून बसलेले. म्हणजे चुकूनही कुणाला दिसायला नकोत. मी म्हटलं, पुढे या, तुमच्याशिवाय माझे डोळे टिकत नाहीत. समजावलं, रागावले, अबोला धरला. यांनी ऐकलं नाही. "नको गो," म्हणाले. "तू झाडाकडं बघ. झाडाला कोण काय बोलत नाय."

मी झाडाकडे बघत राहिले. डोळे पुन्हा जळू लागले. संध्याकाळी वाटी फिरायची, पण पूर्वीसारखी थट्टा नव्हती. काळं बोट दाखवायचंही त्यांनी सोडलं. पुण्याला रुजू व्हायची तारीख जवळ आली होती आणि दिरांचा फोन येऊन गेला होता की खोलीत पलंग लावायला जागा केली आहे. यांनी कपाटातून आपले दोन सदरे काढून एका पिशवीत घातले. मी ती पिशवी उचलून आत टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाहेर होती.

शेवटची मुलाखत आली ती यांच्या डायलिसिसच्या दिवशी. घरात मी एकटी. समोर एकच गृहस्थ, आवाजावरून वयस्कर. माझे डोळे लाल झालेले बघून ते स्वतःच म्हणाले की मला पण या पडद्याचा त्रास होतो, तुम्ही खुशाल इकडेतिकडे बघा, मी बोलत राहतो. मी नजर उचलून फणसाखालच्या त्या खड्ड्यांकडे बघितलं. नंतर काय काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. शेवटी ते म्हणाले की तुम्हाला घेतोय, कागद संध्याकाळी पाठवतो.

मी रस्त्यावर येऊन मिळेल ती रिक्षा पकडली आणि डायलिसिसच्या दवाखान्यात गेले. हे पलंगावर डोळे मिटून पडले होते, हातातून नळ्या गेलेल्या. मी कानाशी वाकून सांगितलं, झालं, घरूनच. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाले, "मग खुर्ची परत पुढं आणायला हवी."

खुर्ची पुढे आली. त्यानंतरचे दिवस आमचे सुखाचे गेले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी माजघरात दावे तपासायचे आणि हे फणसाखाली टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत बसायचे. आता संशय घेणारं कुणी नव्हतं. मधल्या सुट्टीत मी चहा घेऊन तिकडे जायचे. काळं बोटही पुन्हा नाचू लागलं. पण माणूस आतून खंगत चालला होता. टॉवेल टाकताना हात अर्ध्यावर थांबायचा, हे लांबूनही दिसत होतं. दिसत होतं आणि मी पडद्याकडे वळत होते.

आंब्याला मोहोर आला त्या दिवसांत ते गेले. खुर्चीत नाही. लोकांना तसं ऐकायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही झालं. डायलिसिस चालू असताना रक्तदाब उतरला तो वर आलाच नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी तेव्हा घरी कामावर होते. कानात इअरफोन, पडद्यावर मीटिंग, फोन नियमाप्रमाणे बंद. थोड्या वेळाने डोळे चुरचुरले म्हणून सवयीने नजर उचलली. फणसाखाली रिकाम्या खुर्चीशेजारी शेजारचे रिक्षावाले उभे होते. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

यांच्याजवळ राहता यावं म्हणून जी नोकरी मी मिळवली, त्या नोकरीवर बसलेली असताना हे एकटे गेले. याला काय म्हणायचं मला अजून समजलेलं नाही. देवाला विचारून झालं, भांडून झालं. तो कॅमेरा बंद करून बसला आहे.

तेराव्यानंतर मी पुन्हा कामाला लागले. दुसरं करणार काय? आता बोलता बोलता माझे डोळे वाहतात. कॉलवरचं कुणीतरी काळजीने विचारतं, मॅडम, डोळ्यांना त्रास होतोय का? मी म्हणते, हो, स्क्रीनचा. पहिल्या मुलाखतीत मी सांगत होते की हे रडणं नाही, आणि कुणाला पटत नव्हतं. आता मी रडते आणि स्क्रीन म्हटलं की सगळ्यांना पटतं.

डॉक्टरांचं सगळं मी पाळते. थेंब घालते, अक्षरं मोठी ठेवते, टेबल खडूच्या खुणांवरून हललेलं नाही. वाटीही एकदा काढली. स्वतःच्या तळपायाला स्वतः वाटी लावता येते, काही अवघड नाही. पाय काळेही झाले. पण डोळे मिटून पडता आलं नाही, कारण हात माझाच फिरत होता. वाटी धुऊन ठेवून दिली. लांब बघायची वेळ झाली की मात्र मी चुकते. तिकडे बघवत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मला नव्या मुलींच्या मुलाखती घ्यायला बसवलं. कोकणातल्या उमेदवारांचं बोलणं मला लवकर समजतं, म्हणून. माझ्याबरोबर मुंबईचा एक तरुण सहकारी असतो, कामाला चोख. परवा राजापूरकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. उत्तरं चांगली देत होती. पण तिची नजर सारखी डावीकडे, पडद्यापलीकडे जात होती. मी तोंड उघडणार इतक्यात सहकारी म्हणालाच, "तुमच्यासोबत कोणी आहे का? जरा कॅमेरा फिरवून दाखवता?"

मुलीचा चेहरा पडला. तिने लॅपटॉप फिरवला. मोठी पडवी, आणि तिच्या पार पलीकडच्या टोकाला, दाराच्या चौकटीला धरून एक बाई उभी. तिची आई असणार. आपल्याकडे काहीतरी वळलंय हे दिसल्यावर ती गोंधळली, पदराला हात पुसले, पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले.

ती मुलीला उत्तरं सांगत होती की नुसती उभी होती, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. मी कोपऱ्यातला कागद काढला, म्हणजे माझी मला मी दिसेन. मग दोन्ही हात जोडले, कॅमेऱ्यात नीट दिसतील इतके वर धरले आणि ती हात खाली घेईपर्यंत तसेच ठेवले. सहकाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि त्यानेही हात जोडले.

पण ती बाई लांब होती. तिला पडद्यावरचं दिसणार नव्हतं. म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "त्यांना सांगा, इकडून नमस्कार केलाय."

मुलगी आधी समजली नाही. मग वळली आणि पडवीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारून म्हणाली, "आये, मॅडमनी उलट नमस्कार केलानी."